गेमचं इंजिन कोणतं, हे आठवड्याभरात ठरवा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे नाशिकचे आहेत. दिवसा नोकरी, रात्री जेवणं आटोपल्यावर तास-दीड तास मोकळा. लॅपटॉप 8 जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मनात एक गेम आहे. आपण एसटीचे कंडक्टर, आडवळणाच्या रस्त्याने गाडी चाललीय, पुढचा थांबा यायच्या आत सगळ्यांना तिकिटं द्यायची, सवलतीची ओळखपत्रं बघायची, सुट्ट्या पैशांचा घोळ निस्तरायचा आणि मधेमधे प्रवाशांशी बोलायचं. संवाद सगळे मराठीत. वर्षभरात त्यांनी आधी युनिटी, मग अनरियल, मग गोडो अशी तीन गेम इंजिनं, म्हणजे गेम बनवायची तयार सॉफ्टवेअरं, शिकायला घेतली. प्रत्येक वेळी पडद्यावर एक माणूस डावी-उजवीकडे चालायला लागला आणि काम तिथेच राहिलं. आता त्यांना विचारायचंय की हौशी माणसाला इंजिनच्या निवडीने खरंच फरक पडतो का, आणि पडत असेल तर कोणतं धरावं.

मीही नोकरी सांभाळून छोटे गेम करते आणि सुट्टीच्या दिवशी कॉलेजातल्या मुलामुलींना त्यांचे गेम पुरे करायला मदत करते. तिथे जे दिसतं त्यावरून सांगते.

आधी तुमच्या गेल्या वर्षाबद्दल. तीन वेगळ्या इंजिनांत तुम्ही एकाच जागी अडलात, ही यातली सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. माणूस चालवणं हा जवळजवळ प्रत्येक शिकवणीचा पहिला धडा असतो. तो आणि त्याच्या पुढचे दोन-चार धडे संपले की व्हिडिओ संपतो आणि तुमचा स्वतःचा गेम सुरू व्हायची वेळ येते. तिथे पुढचं पाऊल कुणीच सांगत नाही. मग वाटतं की इंजिनच अवघड आहे. नवं इंजिन उतरवलं की पुन्हा पहिला धडा, पुन्हा काहीतरी हलताना दिसतं, पुन्हा हुरूप येतो. यात आळस किंवा चंचलपणा नाही. तुम्ही दरवेळी मनापासून मेहनत केलीत. पण तुमच्या गेमकडे जरा नीट बघा. त्यात माणूस चालवण्याचं काम कितीसं आहे? कंडक्टर बसच्या मधल्या वाटेत पुढे-मागे होतो, एवढंच. म्हणजे जे तुमच्या गेममध्ये जेमतेम आहे त्याचा तुम्ही तीनदा सराव केलात आणि जो गेमचा गाभा आहे त्याला अजून हात लागलेला नाही.

तुमचा गाभा नियमांत आहे. 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, 65 ते 75 वयातल्यांना अर्धं तिकीट, महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं. आता गाडी घाटात वळतेय, मागून कुणीतरी ओरडतंय, आणि एक आजोबा ठामपणे सांगताहेत की पंच्याहत्तर पूर्ण झाली, पण ओळखपत्रावरच्या तारखेप्रमाणे दोन महिने कमी आहेत. काय करायचं? नियम पाळायचा की सोडून द्यायचं? पुढच्या थांब्यावर तपासणीस चढला तर? हा प्रसंग खेळणाऱ्याला दुसऱ्यांदा, दहाव्यांदाही अडवेल की नाही, हे तुम्हाला आज रात्री कागदाच्या चिठ्ठ्या करून आणि घरातल्या कुणालातरी प्रवासी बनवून कळू शकतं. त्याला कुठलंच इंजिन लागत नाही.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: शिकवणी संपल्यावर माझा गेम सुरू कसा करू? याचं उत्तर इंजिन बदलून मिळत नाही. मात्र "इंजिनने काही फरक पडत नाही, कुठलंही घ्या" हे सरसकट उत्तरही मला पटत नाही. काही मोजक्या ठिकाणी फरक पडतो, आणि तुमच्या बाबतीत त्यातली एक जागा फार मोठी आहे. तिच्याकडे येतेच.

आधी फरक कुठे पडत नाही ते बघू. एकट्यादुकट्या माणसांनी केलेले, जगभर खेळले गेलेले गेम कशात बनलेत याची यादी केली तर तिच्यात काही संगती लागत नाही. अंडरटेल (2015) गेममेकरमध्ये बनला. स्टारड्यू व्हॅली (2016) एरिक बॅरोन यांनी एकट्याने साडेचार वर्षांच्या आसपास खपून केला, तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनए या गेम बनवायच्या साधनावर. आणि एक्सएनएचं पुढचं काम थांबवल्याचं मायक्रोसॉफ्टने 2013 मध्येच सांगितलं होतं. म्हणजे गेम बाजारात आला तेव्हा त्याचं साधन अधिकृतपणे बंद पडलेलं होतं. पुढे तो त्याच धर्तीच्या मोनोगेमवर नेला. हॉलो नाइट (2017) युनिटीत आहे. बाबा इज यू (2019) मल्टिमीडिया फ्युजनमध्ये आहे, जे नाव आज नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांनी ऐकलेलंही नसेल. बलाट्रो (2024) लव्ह नावाच्या छोट्याशा चौकटीवर लुआ भाषेत लिहिलाय. तिला ओढून-सोडून मांडणी करण्याचा एडिटरच नाही. आणि तुमच्या कल्पनेच्या सगळ्यात जवळचा म्हणजे पेपर्स, प्लीज (2013). सरहद्दीवरचा तपासनीस होऊन कागदपत्रं तपासायची, शिक्का मारायचा. लुकास पोप यांनी तो हॅक्स भाषेत ओपनएफएल वापरून केला. आज इंजिनांची तुलना करणाऱ्या व्हिडिओंत ही जोडी क्वचितच दिसेल.

कोड सुबक असण्याचंही तसंच आहे. व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही या गेमचा कोड जानेवारी 2020 मध्ये, गेमच्या दहाव्या वर्षी, खुला झाला. त्यात शेकडो पर्यायांचा एक अवाढव्य स्विच, म्हणजे "असं असेल तर हे कर" अशी कोडमधली लांबलचक यादी, बघून अनेक प्रोग्रामर चकित झाले. खेळणाऱ्यांना त्या दहा वर्षांत तो कधी जाणवला नव्हता.

या यादीचा अर्थ मात्र जपून काढायला हवा. ही सगळी पूर्ण झालेल्या गेमची नावं आहेत. त्याच साधनांत अर्धवट राहिलेले किती असतील याचा हिशेब कुणाकडेच नाही. शिवाय यातल्या बऱ्याच जणांना त्या साधनात आधीपासून गती होती. म्हणून "बलाट्रो लव्हमध्ये झाला, मीही लव्ह घेतो" हे चुकीचं ठरेल. ही यादी एवढंच सांगते की कुठलंही एक इंजिन नसल्यामुळे तुमचा गेम होणार नाही, अशी परिस्थिती नाही. "खरे गेम अनरियलमध्येच होतात" असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढून टाका. पुण्यात बनलेला राजी (2020) अनरियलमध्ये आहे आणि तिथे ते योग्यच होतं, कारण तो त्रिमिती साहसगेम होता आणि मागे स्टुडिओ होता. तुमची बस द्विमिती आहे आणि मागे तुम्ही एकटे आहात.

आता फरक कुठे पडतो ते.

पहिली जागा म्हणजे तुमचं मशीन. तुमच्याकडे रोज तास-दीड तास आहे. त्यातली वीस मिनिटं प्रोजेक्ट उघडण्यात आणि शेडर (पडद्यावरचे रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्यात गेली तर उरलेल्या वेळात गेम पुढे जाईल, पण तुम्ही थकाल. गेम करण्याचं काम म्हणजे काहीतरी बदलायचं, चालवून बघायचं, पुन्हा बदलायचं. हा फेरा किती सेकंदांत पूर्ण होतो यावर एका रात्रीत किती कल्पना तपासता येतील हे ठरतं, आणि मला तरी इंजिनच्या बाकी कुठल्याही गुणापेक्षा हा मोठा वाटतो. अनरियल 5 साठी एपिकने 32 जीबी रॅमची शिफारस केली आहे आणि ते डिस्कवर भरपूर जागा घेतं. ते तुमच्या लॅपटॉपवर नको. युनिटी चालेल, पण एडिटर आणि अँड्रॉइडचा भाग मिळून बरेच जीबी होतात आणि 8 जीबी रॅममध्ये ब्राउझर शेजारी उघडा ठेवला की ओढ लागते. गोडोचा एडिटर शंभर एमबीच्या आसपास उतरतो आणि इन्स्टॉल न करता थेट चालतो. नवा प्रोजेक्ट करताना रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र काढणारा भाग, "कंपॅटिबिलिटी" निवडा. तो ओपनजीएल या चित्र काढायच्या जुन्या पद्धतीवर चालतो आणि जुन्या, साध्या ग्राफिक्सवर बरा वागतो. तुम्ही आधी गोडो घेतलं तेव्हा ते जड वाटलं असेल, तर बहुधा फॉरवर्ड प्लस हा मूळ सेटिंगमधला जड रेंडरर तसाच ठेवला असेल.

दुसरी जागा म्हणजे देवनागरी, आणि इथे मला जरा थांबायचंय. इंग्रजीत लिहिलेल्या तुलनांत हा मुद्दा तुम्हाला क्वचितच सापडेल, आणि मराठी संवादांचा गेम करणाऱ्यासाठी हाच सगळ्यात मोठा आहे.

देवनागरी मजकूर ज्या क्रमाने साठवला जातो त्या क्रमाने दिसत नाही. "कि" साठवताना आधी क आणि मग वेलांटी असते, पण पडद्यावर वेलांटी आधी यावी लागते. "अर्क" मधला र क च्या आधी साठवलेला असतो आणि दिसताना रफार होऊन क च्या डोक्यावर जातो. जोडाक्षरांसाठी फॉन्टमध्ये वेगळी चिन्हं असतात आणि कुठे कोणतं लावायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. या कामाला शेपिंग म्हणतात. ब्राउझर, फोन, लिब्रेऑफिस हे सगळे ते गुपचूप करतात, म्हणून आपल्याला त्याची कधी जाणीव होत नाही. गेम इंजिनांत मात्र ते गृहीत धरता येत नाही. जिथे शेपिंग नाही तिथे "शक्ती" या शब्दात पाय मोडलेला क आणि शेजारी सुटा ती दिसतो, आणि "किती" ची पहिली वेलांटी क च्या मागे जाऊन बसते. वाचणारा दुसऱ्या वाक्याला गेम बंद करतो.

युनिटीत जवळजवळ सगळे मजकुरासाठी टेक्स्टमेशप्रो हा भाग वापरतात, आणि ते देवनागरीचं शेपिंग करत नाही. युनिटी 6 मध्ये यूआय टूलकिट या बटणं-चौकटी मांडायच्या भागासाठी मजकुराची नवी सोय आली आहे, तिच्यात शेपिंग आहे. पण तुम्ही ज्या शिकवण्या बघाल त्या बहुतेक टेक्स्टमेशप्रोच्या असतील. काही जण जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टची युक्ती करतात, म्हणजे मजकूर त्या फॉन्टच्या कोडमध्ये बदलून घ्यायचा. ते पडद्यावर नीट दिसतंही. पण तुमच्या गेममध्ये शेकडो संवाद असणार. दर दुरुस्तीला तो मजकूर फिरवून घ्यायचा, फाइल उघडली तर काय लिहिलंय ते वाचता येत नाही, शोधता येत नाही. एखाद्या मेनूपुरतं ठीक आहे, संवादांच्या गेमला नाही. गेममेकरचं नेहमीचं मजकूर काढणंही शेपिंग करत नाही. अनरियल करतं, पण ते मशीनमुळे बाद झालंय. गोडो 3 करत नव्हतं; मार्च 2023 मध्ये आलेल्या गोडो 4 पासून हार्फबझ ही शेपिंगची लायब्ररी आतच आहे, त्यामुळे लेबलमध्ये, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या घटकात, युनिकोड मराठी चिकटवलं की बरोबर दिसतं. ट्वाइन (फाटे फुटणाऱ्या गोष्टींसाठी) आणि फेझर (वेबवरच्या गेमसाठी) ही साधनं ब्राउझरमध्ये चालतात, तिथे हे काम ब्राउझर करतो. संवादांच्या गोष्टी-गेमसाठी असलेल्या रेनपाय या इंजिनच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही शेपिंग आहे.

इंजिनने साथ दिली तरी दोन-तीन गोष्टी स्वतः बघाव्या लागतात. संवाद एकेक अक्षर उमटत जातो तो परिणाम तुम्हाला नक्की हवा असणार. गोडोच्या रिचटेक्स्टलेबल या सजवलेला मजकूर दाखवणाऱ्या घटकामध्ये तो मूळ सेटिंगवर ठेवला तर "क्षेत्र" उमटताना आधी क, मग पाय मोडलेला क, मग क्ष असं टाइप केल्यासारखं दिसतं आणि ओळ थरथरते. "व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर" मध्ये "आफ्टर शेपिंग" निवडलं की अक्षरं पूर्ण तयार होऊन येतात. फॉन्ट निवडताना "कऱ्हाड", "वाऱ्यावर", "दुसऱ्या" हे शब्द आधी टाकून बघा. अर्ध्या र चं हे वळण मराठीला सतत लागतं, आणि सगळेच देवनागरी फॉन्ट ते नीट काढतात असं नाही. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात. लेबलच्या भाषेच्या रकान्यात मराठीचा कोड, एमआर, लिहिला की ते लागू होतात. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आणि गूगलचा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत, गेममध्ये घालून वाटता येतात. पिक्सेल आर्ट करणार असाल तर आणखी एक सावधगिरी. इंग्रजी पिक्सेल फॉन्ट आठ पिक्सेल उंचीत बसतो, पण देवनागरीत शिरोरेषेवर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असल्यामुळे तेवढ्यात काहीच वाचता येत नाही. संवादाच्या चौकटीचा आकार या उंचीवरून ठरवा, नाहीतर सगळी मांडणी झाल्यावर ओळींमधलं अंतर वाढवत बसावं लागतं.

तिसरी जागा, गेम कुठे खेळला जाणार. तुमचे खेळाडू फोनवर असतील असं मी धरते. गूगल प्लेचं नोंदणीशुल्क एकदाच 25 डॉलर आहे, पण नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गेम प्रसिद्ध करण्याआधी बंद चाचणी करावी लागते; आता त्यासाठी सलग 14 दिवस 12 परीक्षक लागतात. ही माणसं आधीपासून गोळा करा. संगणकावरच्या गेमचं दुकान असलेल्या स्टीमला प्रत्येक गेमचे 100 डॉलर पडतात. इच.आयओ या हौशी गेमच्या साइटवर काहीच पडत नाही, म्हणून पहिला तुकडा वेबवर तिथे टाका आणि नुसता दुवा पाठवा. त्यासाठी गोडोत जीडीस्क्रिप्ट ही गोडोची स्वतःची भाषा घ्या. गोडो 4 मध्ये सी-शार्प ही दुसरी भाषा वापरली तर वेबसाठी एक्स्पोर्ट करण्यात अडचण येते.

चौथी जागा परवान्याची. सप्टेंबर 2023 मध्ये युनिटीने जाहीर केलं की 1 जानेवारी 2024 पासून, ठरावीक कमाई आणि ठरावीक इन्स्टॉल ओलांडले की प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे पैसे घेतले जातील, आणि आधीच बाजारात असलेल्या गेमनाही ते लागू असेल. गदारोळ झाला, काही दिवसांत अटी सौम्य केल्या गेल्या, आणि सप्टेंबर 2024 मध्ये ते शुल्क रद्दच झालं. आज युनिटीची मोफत आवृत्ती वर्षाला 2 लाख डॉलर कमाईपर्यंत वापरता येते, आणि अनरियल एका गेमच्या पहिल्या 10 लाख डॉलरपर्यंत काही मागत नाही. हौशी माणसाला यातला एकही आकडा लागू होत नाही. पण आपण वर्षानुवर्षं ज्यावर काम करणार त्याचे नियम दुसऱ्या कुणाच्या हातात आहेत, हे त्या वेळी सगळ्यांनाच कळलं. गोडो एमआयटी या मुक्त परवान्याखाली आहे. तुमच्या डिस्कवरची आवृत्ती उद्या कुणी काढून घेऊ शकत नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला वाटलं नाही तरी चालेल.

या चारांखेरीज एक गोष्ट आहे, ती इतकी सरळ मोजता येत नाही. प्रत्येक साधनाला एक उतार असतो. शेतात पाणी सोडलं की ते जसं आपोआप एका बाजूला धावतं, तसा तुमचा गेम त्या साधनात जे सोपं आहे तिकडे सरकत जातो. आरपीजी मेकर या साहस-लढायांच्या गेमसाठीच्या साधनामध्ये काही न करता लढाया, नकाशे, गावकरी मिळतात, म्हणून त्यात केलेल्या पहिल्या गेममध्ये हटकून लढाया असतात, लेखकाला त्या हव्या असोत वा नसोत. टू द मून (2011) त्याच आरपीजी मेकरमध्ये झाला. त्यात लढाया जवळजवळ नाहीतच, नुसती गोष्ट आहे. कारण करणाऱ्याने त्यातलं हवं तेवढंच घेतलं. अनरियलचा उतार त्रिमितीकडे आहे, ट्वाइनचा फाटे फुटणाऱ्या गोष्टीकडे. तुमच्या कंडक्टरच्या गेममध्ये तिकिटाचं मशीन, ओळखपत्रं, संवादाच्या चौकटी, घड्याळ, पैशांची पिशवी आहे. म्हणजे बहुतांश पडदा बटणांनी आणि मजकुराने भरलेला. गोडोचा एडिटर स्वतः गोडोच्याच बटणं-चौकटींच्या नोडांनी, म्हणजे तयार घटकांनी, बनलेला आहे, त्यामुळे ते नोड चांगले राबलेले आहेत, आणि फोनच्या वेगवेगळ्या आकारांत मांडणी सावरणंही त्यात सोपं जातं. हे तुमच्या बाजूचं आहे. उद्या तुम्ही ठरवलंत की तिकिटं नकोत, फक्त प्रवाशांच्या गप्पा ठेवायच्या, तर मात्र मी रेनपाय सांगेन. त्यात संवाद लिहिणं जवळजवळ नाटक लिहिण्यासारखं आहे आणि सेव्ह करणं, मागे जाणं आयतं मिळतं.

एका परिस्थितीत माझं उत्तर बदलेल. तुम्हाला या क्षेत्रात नोकरी हवी असेल, तर. आपल्याकडच्या मोबाइल गेम स्टुडिओंत युनिटी येणाऱ्यांना मागणी असते, आणि मोठ्या त्रिमिती कामाला अनरियल. काही जण स्वतःचं इंजिनही बांधतात. पुण्याच्या सुपरगेमिंगने इंडस हा गेम स्वतःच्या इंजिनवर केला. नोकरीसाठी मशीन बदलावं लागलं तरी ते करावं. पण तिथेही मुलाखतीत अर्धवट प्रोजेक्टपेक्षा एक पूर्ण झालेला, दुसऱ्याच्या फोनवर चालणारा छोटा गेम जास्त बोलतो. तुमच्या प्रश्नात नोकरीचा उल्लेख नाही, म्हणून मी ते बाजूला ठेवते.

थोडक्यात, मशीन आणि देवनागरी या दोघांनी तुमचा प्रश्न सोडवलाय: गोडो 4, जीडीस्क्रिप्ट, कंपॅटिबिलिटी रेंडरर. माझ्या शब्दावर घेऊ नका, आठवड्याभरात तपासा. फक्त या वेळी माणूस चालवू नका. पहिल्या एक-दोन रात्री कागदावर खेळा. मग इंजिनात एक स्थिर चित्र टाका, बसच्या आतलं, कसंही काढलेलं. एक प्रवासी. त्याचं एक मराठी वाक्य, ज्यात जोडाक्षरं आणि "ऱ्ह" आहे. एक ओळखपत्र, ज्यावर दाबलं की मोठं होतं. पूर्ण, अर्धं, मोफत अशी तीन बटणं. बरोबर किंवा चूक याचा काहीतरी परिणाम. मग हा तुकडा तुमच्या स्वतःच्या फोनवर चढवा. अँड्रॉइडसाठी एक्स्पोर्ट टेम्प्लेट, जेडीके आणि अँड्रॉइड एसडीके ही ॲप बांधायची साधनं लावायला एखादी संध्याकाळ जाईल. ती आत्ताच घालवा. गेम संपत आल्यावर हे काम पहिल्यांदा करणं फार जिवावर येतं. हा तुकडा झाला की तुम्हाला इंजिनबद्दल जे कळायला हवं ते कळलेलं असेल, आणि ते तुमच्याच गेमच्या संदर्भात कळलेलं असेल.

तुकडा झाला नाही, तर नेमकं कुठे अडलं ते लिहून काढा. "गोडो आवडत नाही" हे कारण होत नाही. "फोनवर ओळखपत्र मोठं करताना चित्र अडखळतं" हे होतं, आणि अशा कारणांना बहुतेक वेळा उत्तर असतं. ज्यांनी इंजिनं बदलली त्यांच्याकडे अशीच ठोस कारणं होती. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स फेझरमध्ये सुरू झाला आणि लोकांनी डोक्यावर घेतल्यावर युनिटीत नेला गेला. स्ले द स्पायरच्या दुसऱ्या भागाचं काम युनिटीत चालू होतं, ते शुल्काच्या प्रकरणानंतर गोडोत आलं. सेलेस्ट या गेमचं पहिलं रूप पिको-8 या अगदी छोट्या गेमसाठीच्या साधनामध्ये चार दिवसांत झालं होतं, 128 गुणिले 128 पिक्सेल आणि 16 रंगांत. पूर्ण गेम (2018) सी-शार्पमध्ये नव्याने लिहिला, पण उडी आणि हवेतली झेप तिथेच सापडलेली होती आणि ती पुढे आली.

तुमच्याबाबतीतही जे पुढे येईल ते इंजिनबाहेरच ठेवा. प्रवासी, त्यांची वयं, संवाद, थांब्यांची अंतरं, सवलतींचे नियम हे सगळं कोडमध्ये न लिहिता सीएसव्ही किंवा जेसन अशा साध्या मजकुराच्या फाइलीत लिहा. एसटीने उद्या सवलत बदलली तर एक ओळ बदलेल. नवा प्रवासी लिहायला इंजिन उघडावं लागणार नाही. दुपारच्या सुट्टीत फोनवरसुद्धा लिहिता येईल. कधी खरोखर इंजिन बदलावं लागलंच, तर चौकटी आणि बटणं पुन्हा बांधाल, पण माणसं तशीच उचलून नेता येतील. फाइली गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात) ठेवा, रोज रात्री एक नोंद करा.

फोनवर एखादं अक्षर तुटलेलं दिसलं, तर गोडोची नेमकी आवृत्ती, फॉन्टचं नाव, लेबल वापरलंय की रिचटेक्स्टलेबल, आणि तो शब्द, एवढं कळवा. बघून सांगते.